पाव्हण्याची दाढ

“थुंकायचं नाही बरं का काका,” असं दाढ काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं. कापसाचा बोळा दाताखाली दाबून धरायचा, तोंडात येईल ते गिळायचं, चूळ भरायची नाही, उद्या याच वेळेपर्यंत. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय? अर्धं तोंड बधिर, जीभ कुणा दुसऱ्याची आणून बसवल्यासारखी, नाहीतर तिथंच विचारलं असतं, की बाई, गळ्यातली माळ दिसत नाही का तुम्हाला? माळकऱ्यानं रक्त गिळायचं होय?

आमच्या घरात माळ म्हणजे गंमत नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या मागं ती मी घेतली. आईनं स्वतःच्या हातानं गळ्यात घातली आणि एवढंच म्हणाली, “आता तोंड सांभाळ लेका.” तेव्हापासून नातवाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा मी जिभेला लावला नाही, अंडं असतं म्हणून. आणि आता रक्त! स्वतःचं असलं म्हणून काय झालं, रक्त ते रक्तच की.

दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तोंड भरलं. गटारीच्या कडेला जाऊन थुंकलो. रिक्षात बसलो, थोडा वेळ कसंबसं धरलं, आणि मग बाहेर वाकलो ते वाकतच राहिलो. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “वा चच्चा! गले में माला और मुँह में गुटखा?” तोंड धड असतं तर त्याची चांगली हजेरी घेतली असती. नुसताच हात उडवला आणि परत थुंकलो. आमचं जुळे सोलापूर येईपर्यंत रस्ताभर लाल सडा घातला. घरी आलो ते थेट बेसिनपाशी, बोळा काढून टाकला आणि मिठाच्या पाण्यानं खळाखळा चुळा भरल्या. तेव्हा कुठं बरं वाटलं. गाढव माणूस! बरं वाटलं म्हणे.

ही दाढ नुसती माझी असती तर मी इतकं सांगत बसलो नसतो. दाढ माझी होती, जीव टांगणीला लागला तो आईचा.

आई मंगळवेढ्याकडची. सगळा जन्म काळ्या रानात ज्वारी काढण्यात गेला. वडील गेल्यावर मी तिला इथं फ्लॅटवर आणलं. आधी तिची नजर गेली, काचबिंदू होता आणि आम्हाला फार उशिरा कळला. मग हळूहळू डोक्यातलं एकेक जायला लागलं. आधी लांबचे सोयरे गेले, मग नातवंडं, मग माझी बायको. जी बाई तिला रोज न्हाऊ-माखू घालते, वेणी घालते, तिलाच ती विचारायची, “तुमी कुणाच्या म्हनायच्या?” बायको पण एक नंबर. रोज वेगळं उत्तर द्यायची, कधी मास्तराची, कधी तलाठ्याची. “बरं बरं,” आई म्हणायची, “माणसं चांगली हाईत ती.”

राहिला होता फक्त माझा आवाज. दारात चप्पल काढता काढता मी ओरडायचो, “आये, आलो गं!” आणि ती जिथं असेल तिथून म्हणायची, “आला व्हय रं लेका? ये, भाकरी खा.” मग ताटं मांडायची, मी तिच्या शेजारी बसून बडबड करायची, आणि त्या बडबडीबरोबर ती जेवायची. मी बोलत असलो तरच जेवायची. दुसऱ्या कुणी घास पुढं केला की ओठ गच्च मिटून घ्यायची. दिसत नाही, ओळखीचं कुणी नाही, कोण काय चारतंय कुणास ठाऊक, असं तिला वाटत असणार. तिचं तरी काय चुकलं?

भवानी पेठेत चादरी-टॉवेलच्या दुकानात मी गिऱ्हाईक बघतो. दिवसभर तोंड चालवायचाच धंदा. तरी जेवायला दोन्ही वेळा घरी यायचोच. एकदा लेकीकडं पुण्याला जावं लागलं तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून मी तिकडनं विहिरीचं पाणी, शेजाऱ्याची शेळी, यंदाची पेरणी असलं काहीबाही बोलत राहिलो आणि इकडं आईनं भाकरी संपवली. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, माझं नाव तिला आठवत नव्हतं. तिच्यापुरता मी म्हणजे तो आवाज.

म्हणून तर ती दाढ मी इतके महिने ओढत नेली. लवंग धरली, लवंगेचं तेल लावलं, तुरटीच्या गुळण्या केल्या, मेडिकलमधल्या गोळ्या खाल्ल्या. काढायची म्हटलं की कुणी ना कुणी सांगायचं, दोन दिवस बोलता येत नाही हो. दोन दिवस! आईच्या दोन दिवसांचं कोण बघणार? शेवटी गाल असा सुजला की डोळा झाकायला लागला. दुकानाचे मालक म्हणाले, “अहो, असा गाल धरून चादर दाखवलीत तर गिऱ्हाईकाला वाटेल, चादरीतच काहीतरी गोम आहे.” घरी बायकोनं वेगळाच दम भरला. “उद्या हे विष डोक्यात चढलं तर आत्यांना मीच बोलून जेवू घालू का?” आमच्यात सासूला आत्या म्हणतात. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. पण गेलो.

दाढ सरळ निघेल तर ती माझी कसली. मुळं वाकडी, अर्धी मोडली, अर्धी आत राहिली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण हातात काय ताकद! शेवटी उभ्या राहून ओढत होत्या. दुखत नव्हतं, नुसता आवाज येत होता, कवाडाची बिजागरी उपटावी तसा. त्याच्या पुढचं तुम्हाला माहीतच आहे, रिक्षा, गटार आणि चूळ.

संध्याकाळी जेवणाच्या वेळेला मी नेहमीसारखा दारापासून सुरुवात केली. “आये, आलो गं” म्हणायला गेलो आणि तोंडातून काहीतरी हाहा-हूहू निघालं.

“कोण हाय?” आई म्हणाली.

“आये, मी.”

“मी म्हंजे कोण?”

बायको म्हणाली, “आत्या, लेक हाय की तुमचा.”

“माझ्या लेकाचा आवाज मला कळत न्हाय व्हय? ह्यो कोन तरी पिऊन आलाय.”

बायकोला हसू फुटलं आणि मलाही. उभ्या जन्मात दारूच्या दुकानापुढनं चाललो नाही, आणि सख्खी आई म्हणते पिऊन आलाय. पण मग ताट पुढं आलं आणि आईनं ओठ मिटले. मी बोलायचा प्रयत्न केला तशी ती भिंतीकडं सरकत गेली. बायकोनं भाकरी दुधात कुस्करून दिली, तिनं हातानं वाटी लांब सारली. “माझं पोरगं आल्यावर खाते.” पाण्याचा घोट घेतला आणि आडवी झाली. मी मनाला म्हटलं, बधिरपणा उतरू दे, सकाळी होईल सगळं नीट.

सकाळी बधिरपणा उतरला होता आणि जबडा धरला होता. वरचे आणि खालचे दात यांच्यात बोटसुद्धा जाईना. दवाखान्यात फोन केला, म्हणजे बायकोनं केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईनं स्नायू आखडतो, होतं असं कधीकधी, शेक घ्या, हळूहळू उघडेल, घाई करू नका. घाई करू नका! दात मिटून, ओठांच्या फटीतनं मी बोलत होतो आणि माझं मलाच कळत नव्हतं. आईच्या खोलीत गेलो, गुडघ्यावर बसलो, जमेल तितकं स्पष्ट म्हणालो, “आये, मीच हाय गं.” ती बायकोचा हात चाचपडून तिच्या कानाशी लागली. “बाई, दार लावून घ्या. ह्यो परत आलाय.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला एक युक्ती सुचली. मी दुकानातनं तिला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचो, लिहायचा कंटाळा म्हणून. ते सगळे फोनमध्ये पडून होते. तिनं त्यातला एक लावला आणि फोन आईजवळ धरला. “ऐक गं, निघालो आता. येताना कांदे आणू का? आणि आयेला सांग, आलोच म्हणून.”

आईचा चेहरा कसा उजळला ते मी समोर बसून बघितलं. “आला व्हय रं लेका?” म्हणाली. बायकोनं पटकन घास पुढं केला, आणि आईनं तोंड उघडलंसुद्धा, पण घास घ्यायच्या आधीच उठली. भिंत धरत धरत दाराकडं चालली. “आलोच म्हनलाय. दार उघडा की.” दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, जिन्याकडं तोंड करून. मी तिच्या मागं दोन हातांवर उभा होतो. लिफ्ट वर आली, शेजारचे उतरले, “काय आजी, कुणाची वाट बघताय?” म्हणाले. “माझं पोरगं येतंय,” आई म्हणाली. किती वेळ उभी राहिली, पाय थरथरायला लागले तरी हलेना. शेवटी बायकोनं तिला धरून आत आणलं तेव्हा ती रडत होती, आणि जेवणाचं नाव काढलं तर हात झिडकारत होती. बायकोनं ते आवाज पुन्हा लावले नाहीत. मीच तसं खुणेनं सांगितलं.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं त्याच दिवशी दुखायला लागलं. आधीचं दुखणं म्हणजे काहीच नव्हतं म्हणायचं. दाढेच्या जागेतनं कळ निघायची ती कानातनं जाऊन टाळूपर्यंत. बसवेना, पडवेना. तोंडाला अशी घाण सुटली की माझा मलाच वास यायचा. परत तोच जिना, तीच खुर्ची. जेमतेम उघडलेल्या तोंडात बाईंनी बॅटरी मारली.

“काका, थुंकलात का?”

मी मान हलवली.

“चूळ भरलीत?”

हलवली.

“का हो? एवढं सांगितलं होतं ना?”

बोलता येत नव्हतं. मी माळेला हात लावून दाखवला. त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुमचंच होतं ना ते.” त्यांनी सांगितलं की दाढेच्या खड्ड्यात रक्त गोठतं, तेच जखमेचं झाकण. ते मी उपटून फेकलं होतं, आता आतलं हाड उघडं पडलंय. त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं काहीतरी औषध भरलं आणि दर दोन दिवसांनी यायला सांगितलं. जबड्याचं विचारलं तर म्हणाल्या, आता त्यालाही वेळ लागेल, दोन आठवडे, तीन, सांगता येत नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

रिक्षात मी हिशेब करत होतो. तीन आठवडे. आईच्या अंगावर आधीच मांस नाही. पाणी पीत होती, चमच्याचमच्यानं थोडं दूध जात होतं, तेही अर्धं पदरावर. शेंगाची चटणी आणि दही तिचा जीव की प्राण, ते नाकाशी धरलं तरी मान फिरवायची. गल्लीतले आमचे नेहमीचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. बाहेर हॉलमध्ये येऊन हळू आवाजात म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करा. सलाईन लावू, आणि नाकातून नळी.” मग म्हणाले, “या वयाची अशी माणसं नळी उपसून टाकतात. हात बांधावे लागतील, तयारी ठेवा.”

हात बांधायचे. ज्या हातांनी माझ्या गळ्यात माळ घातली ते. आणि का, तर पोटात चार थेंब रक्त जाईल म्हणून मी रस्त्यावर थुंकत आलो. मायला, कुठला धर्म आणि कुठलं काय! माळ काढून फेकावीशी वाटली. हात गळ्यापर्यंत गेला, पण तिनं घातलेली, काढवेना. बायकोवर उगाच चिडलो, चिडायलाही तोंड उघडेना म्हणून भांडं आपटलं. तिनं ते शांतपणे उचलून ठेवलं, त्याचा आणखी राग आला. मग बाथरूममध्ये जाऊन बसलो. आमच्याकडं नळाला पाणी दिवसाआड सुद्धा नाही, त्यामुळं नळ सोडून रडायचीही सोय नाही. तोंडात टॉवेल धरून रडलो. मला माझी आई पाहिजे होती, आणि ती भिंतीच्या पलीकडं मला घाबरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं माझ्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवल्या. चावायचं काही नव्हतं. आई हॉलमध्ये गादीवर भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटून. तिच्या ॲडमिटची पिशवी भरून दारापाशी ठेवलेली. मी मुद्दाम तिच्यापासून लांब, कोपऱ्यात खाली बसलो, आवाज न करता. दातांच्या फटीतनं चमचा आत सारला आणि एक कणी जाऊन नेमकी त्या खड्ड्यात बसली. अशी कळ गेली की तोंडातनं कण्हणं निघालंच.

आईनं डोळे उघडले. “कोण कन्हतंय?”

मी श्वास धरून बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रात्ररात्र जागून तिचे डोळे आत गेलेले, केस विस्कटलेले. ‘तुमचा लेक हाय’ हे वाक्य तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आता तिच्याच्यानं सांगवेना. वैतागून म्हणाली, “पाव्हणं हायती आत्या! लांबनं आलेत. दाढ काढलीय त्यांची, खाता येईना झालंय.”

आई जराशी ताठ झाली. हातानं पदर शोधला आणि डोक्यावर घेतला. किती दिवसांनी तिनं स्वतःहून काहीतरी केलं होतं.

“आन पाव्हण्याला असं एकट्यालाच जेवाय बसवलंय?” ती बायकोवर कडाडली. “काय रीतभात हाय का न्हाय तुमच्यात?”

बायको माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. गावाकडं आमच्या घरी एकटा पाहुणा कधी जेवला नाही. वडील जेवून उठलेले असले तरी आई त्यांना परत पाटावर बसवायची, चतकोर भाकरी वाढायची. सोबतीला कुणी नसलं तर पाहुणा लाजून अर्धपोटी उठतो, असं तिचं म्हणणं. रस्त्यानं जाणारा मेंढक्या ओसरीवर भाकरीचं फडकं सोडून बसला तरी त्याच्यासमोर घरातलं कुणीतरी जेवायला बसायचं. हे सगळं मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

“पोरगं घरात असतं तर त्योच बसला असता,” आई म्हणाली. “त्याचा पत्त्या न्हाय. आना माझं ताट. मीच बसते.”

बायकोनं धावतच ताट आणलं. भाकरी दुधात कुस्करलेली, कडेला दही आणि शेंगाची चटणी. आईनं ताट चाचपडलं, एक घास केला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मी चमचा तसाच हातात धरून तिच्या गळ्याकडं बघत होतो.

“जेवा की पाव्हणं,” ती माझ्या दिशेनं म्हणाली. “लाजू नगा. आपलंच घर हाय.”

मी खाल्लं. दुखत होतं, डोळ्यातनं पाणी गळत होतं, पण मी थांबलो की ती थांबायची, कान टवकारायची, म्हणून मी चमचा वाटीवर वाजवत खात राहिलो. तिनं अर्ध्याहून जास्त ताट संपवलं. मग म्हणाली, “दाढ वाईट वो. माझ्या पोराची बी दुखती. लई हट्टी हाय, दाखवत न्हाय कुनाला.”

दारापाशी भरून ठेवलेली पिशवी बायकोनं उचलली आणि आतल्या खोलीत नेली. तिथं ती बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्या दिवसापासून मी पाव्हणा झालो. दोन्ही वेळेला बायको मोठ्यानं सांगायची, “आत्या, पाव्हणं जेवाय बसलेत,” आणि आई पदर सावरून सोबतीला यायची. बोलायची गरजच नव्हती, पाहुण्यानं कमी बोललेलंच बरं. ती माझ्या दाढेची चौकशी करायची, गूळ खाऊ नका म्हणायची, हुंगून म्हणायची, “लवंग धरलीय न्हवं? चांगलं केलं.” डॉक्टर आले, नाडी बघून खूश झाले. खड्डा भरत आला. रोज आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक सारून जबडा उघडायचा व्यायाम करत होतो, आणि एकेक काडी वाढत होती. दुखणं कमी झालं तसा मी आशेला लागलो. तिच्या अंगावर जरा तकाकी आली होती. आता माझा आवाज परत आला की सगळं पहिल्यासारखं.

आला की. डॉक्टरीणबाई तीन आठवडे म्हणाल्या होत्या, त्याहून जास्त लागले, पण आला. दुकानात गिऱ्हाईकाशी पहिल्यासारखी घासाघीस केली, मालक म्हणाले, “चला, सुटलो.” त्या दिवशी मी जेवायला लवकर निघालो. दारात चप्पल काढली आणि पूर्वीसारखा ओरडलो, “आये, आलो गं!”

“आला व्हय रं लेका?” आतनं आवाज आला.

मी धावत गेलो म्हटलं तरी चालेल. ती गादीवर उठून बसली होती, तोंड दाराकडं, हात पुढं केलेला. मी तो हात धरला आणि तिच्या शेजारी नेहमीच्या जागी बसलो. तिनं माझ्या हातावरनं बोटं फिरवली, लवंगेचा वास हुंगल्यासारखं केलं, आणि हळूच हात सोडवून पदर डोक्यावर घेतला.

“पाव्हणं, तुमी व्हय? ऐकलंत का, माझं पोरगं आलं. आत्ता दारात बोललं. कुटं ऱ्हायलं कुनास ठाऊक.”

“आये, मीच गं तो,” मी म्हणालो. माझ्याच आवाजात म्हणालो, स्वच्छ. “बघ की, मीच बोलतोय.”

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, “तुमचा आवाज लई मिळतो वो त्याच्याशी.”

मग तिनं बायकोला ताटं वाढायला सांगितलं, पाव्हण्याला ताटकळत ठेवू नका म्हणाली. आम्ही जेवलो. नंतरही खूप प्रयत्न केले, गावाकडच्या गोष्टी सांगितल्या, विहीर, शेळी, पेरणी सगळं. ती ऐकते, “व्हय, माझं पोरगं बी असंच सांगतंय,” म्हणते आणि छान जेवते. तब्येत उत्तम आहे. माझं नाव, माझा आवाज, सगळं गेलं, पण रोज पहिल्या घासाला न चुकता विचारते, “दाढंचं कसं हाय तुमच्या?” मी सांगतो, बरी आहे.

भाकरी वाढली की ती एक चतकोर मोडते आणि वाटीखाली झाकून ठेवते. पोरगं भुकेलं येईल म्हणून. त्याला कुणी हात लावायचा नाही, पाव्हण्यानंसुद्धा. जेवण झालं की ती दुपारची आडवी होते. तिचा डोळा लागला की मी वाटी उचलतो आणि तो चतकोर दुसऱ्या बाजूच्या दाढांनी हळूहळू चावून खातो. माझ्याच वाट्याचा आहे तो.